अमडापूरचं चिनी पिस्तूल

मलकापुरात मला खोली मिळाली ती माझ्या मिक्सरमुळे.

शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून नवीनच नेमणूक झाली होती. एक बॅग, एक वळकटी आणि आईने बळेच गळ्यात मारलेला जुना मिक्सर एवढा संसार घेऊन मी देऊळगाव राजाहून आले होते. स्टेशनाच्या पलीकडच्या वस्तीत एका दारावर 'खोली देणे आहे' अशी पाटी दिसली. दार उघडलं ते सत्तरीच्या एका किडकिडीत माणसाने. शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी पेचकस लावलेला. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालं का तेही विचारलं नाही. विचारलं एवढंच,

"तुमच्यापाशी मशीन कोनती हाय?"

मी भीतभीत मिक्सर पुढे केला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, वास घेतला, बुडाचे स्क्रू अंगठ्याने चाचपले.

"बुश गेला याचा. पन ठेवला हाय निगुतीनं." मग आत तोंड करून म्हणाले, "अवो, मिक्सरवाली मॅडम आली. चहा टाका."

पुढे कळलं, की ज्याच्याकडे एकही यंत्र नाही अशा माणसाला ते खोली देत नसत. माझ्या आधी एक बँकेतला चांगला निर्व्यसनी गृहस्थ त्यांनी परत पाठवला होता. "ज्यानं जन्मात एक स्क्रू पिळला नाई, तो नळ तरी बंद करन का?" हा त्यांचा युक्तिवाद.

सगळं गाव त्यांना मिस्तरी म्हणे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याही मिस्तरीच म्हणत. रेल्वेत फिटर म्हणून नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या पडवीत त्यांनी दुकान मांडलं होतं. शिलाई मशिनी, भिंतीवरची घड्याळं, फवारणीचे पंप, कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांचे बारीकसारीक भाग, काय येईल ते. एखादी बाई शिलाई मशीन घेऊन आली आणि "बिघडली" म्हणाली, की ते लगेच दुरुस्त करत, मशीन नव्हे, त्या बाईचं वाक्य. "बिघडली नोका म्हनू, रुसली म्हना. बिघडली म्हनलं का ते मनावर घेते."

शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी मात्र त्यांना येत होतं आणि ते सगळं यंत्रांवरच्या पट्ट्या वाचून शिकलेलं. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत 'कीप ड्राय' होतं, 'दिस साईड अप' होतं, पण 'थँक यू' नव्हतं. एका लग्नात स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला, "डू नॉट ओव्हरटाईटन." मंडप हसला. नवरी मात्र हसली नाही. तिने मान डोलावली.

माझी बोली त्यांना मजेची वाटे. "तुमच्या देऊळगाव राजाकडे जालन्याची हवा लागते. तुम्ही म्हनता 'मला', आमी म्हनतो 'मले'. मशिनले दोन्ही समजते."

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. कुठलंही यंत्र उघडलं, की ते ज्याने बनवलं त्या माणसाविषयी ते बोलू लागत. "हा डावखुरा असन. पाह्य, चरा इकडून पडला." "याले घरी जायची घाई होती." "हा बावा नवा होता, पन इमानदार." ही माणसं कुठल्या गावची, जिवंत आहेत की नाहीत, कशाचा पत्ता नाही. मिस्तरी मात्र शेजाऱ्यांविषयी बोलावं तसं बोलत. काकू म्हणायच्या, "याहिले जितं मानूस दिसत नाई, पन स्क्रू पिळनारा बराबर दिसते."

त्या रविवारी सकाळी काकूंच्या भाचीचा फोन आला. ती सुजाता. अमडापूरच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पोलीस भरतीत तिचं नाव यादीत लागलं होतं आणि फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तीन वर्षं ती पहाटे उठून चिखलीच्या रस्त्यावर धावत होती. मिस्तरींनी फोन स्पीकरवर टाकला.

"मावसाजी, आमच्या भितीतून पिस्तूल निघालं."

"कोनतं?"

"कोनतं मंजे? पिस्तूल! घरकुलासाठी जुनी भीत पाडून राह्यले होते. बुजवलेल्या कोनाड्यात पत्र्याचा डबा निंगाला, त्याच्यात होतं. मजुराहिनं पाह्यलं. आता सारं गाव म्हनते, पोलीस भरतीवालीच्या घरी कट्टा सापडला. बाबा म्हनते विहिरीत टाकून देतो."

काकूंचे हात पिठात तसेच थांबले. मिस्तरी एकदम सरळ बसले.

"बापाले सांग, विहिरीकडे पाहू बी नोको. जठी हाय तठी ठेवा. पयले ठाण्यात फोन लावा आन खरं काय ते सांगा. आमी निघालोच." फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "काही लिवलं हाय का त्याच्यावर?"

"हाव. इंग्रजीत. पन वाचता येत नाही."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचे कागद-पेन्सिली घ्या."

मलकापूरहून घाट चढून बुलढाणा, मग चिखली, मग अमडापूर. काकू खिडकीशी डोळे पुसत बसल्या होत्या. सुजाताच्या नावावर एक शिंतोडा उडाला, की तीन वर्षांची पहाट पाण्यात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मिस्तरी अर्धा रस्ता गप्प होते आणि उरलेला अर्धा रस्ता ड्रायव्हरला गिअर कसा टाकावा ते सांगत होते.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात पंचनामा चालला होता. ठाणेदार साहेब खुर्चीवर, शेजारी लिहिणारे हवालदार, दोन पंच, आणि कुंपणापलीकडे अर्धं गाव. मधोमध खाटेवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ते पिस्तूल ठेवलं होतं. तळहाताएवढं, काळपट, अंगावर गंजाचे डाग. सुजाताचे वडील खांबाला टेकून उभे होते. शेतात दिवसभर राबूनही न वाकणारा तो माणूस त्या दिवशी वाकलेला दिसला.

हवालदार लिहितालिहिता म्हणत होते, "...एक देशी बनावटीचा..."

"थांबा भाऊ," मिस्तरी दारातूनच म्हणाले, "कट्टा नोका लिवू."

ठाणेदारांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"याहिचा साडू. फिटर."

ठाणेदार चाळिशीचे, थकलेले, पण सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे समजावलं, "हे बघा काका, यांनी स्वतः फोन केला, चांगलं केलं. पण मला जे दिसतं ते लिहावं लागतं. या भागात असे कट्टे सापडतात. दोन वर्षांपूर्वी लाईट फिटिंगच्या वेळी ही भिंत पुन्हा लिंपलीय, असं हेच सांगतात. मग ही वस्तू तेव्हा ठेवली नाही कशावरून? आजकालचा कट्टा असेल तर गुन्हा दाखल होईल. घरमालकावर."

सुजाताच्या आईने पदर तोंडात धरला.

"आन जुनं असन तर?"

"जुनं असेल, आजोबा-पणजोबांच्या काळातलं, तर गोष्ट वेगळी. पण ते मी कसं ठरवू? आतली मॅगझिन गंजून अडकलीय. गोळ्या आहेत का तेही कळत नाही. बुलढाण्याहून आमचा हत्यारांचा माणूस संध्याकाळपर्यंत येईल."

"मुठीचं लाकूड एका स्क्रूवर हाय," मिस्तरी खाटेपाशी उकिडवे बसत म्हणाले. एव्हाना त्यांनी हात मागे बांधून घेतले होते, देवळातल्या मूर्तीकडे पाहावं तसे. "तेवढा काढतो. नळीले हात नाई, घोड्याले हात नाई. बाजूनं मॅगझिन दिसते. तुमच्या समोर."

ठाणेदारांनी क्षणभर विचार केला. मग सगळ्यांना मागे सरकवलं, पिस्तुलाचं तोंड पाडलेल्या मातीच्या ढिगाकडे केलं आणि म्हणाले, "एकच स्क्रू."

मिस्तरींनी खिशातला पेचकस आणि तेलाची कुपी काढली, स्क्रूच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब सोडला आणि वाट पाहत बसले. सारं अंगण त्या थेंबाकडे पाहत होतं. पाच मिनिटांनी स्क्रू फिरला. लाकडाची पट्टी अलगद निघाली. आत मॅगझिन दिसली, बाजूच्या फटीतून आरपार, रिकामी. ठाणेदारांनी लोकांना पुन्हा पुढे येऊ दिलं.

मिस्तरी मात्र खिशातलं घड्याळाचं भिंग काढून तो स्क्रू निरखत बसले. मग दुसऱ्या बाजूचा स्क्रू नुसताच बघितला. मग चेहरा पडला त्यांचा.

"काय झालं?" ठाणेदार.

"सायेब, खोटं बोलता येत नाही. हे हातानं केलं हाय. कारखान्यातलं नाही. दोन स्क्रू, दोन्हीच्या डोक्याच्या खाचा अलग. सारं अंग कानशीनं घासलं."

हवालदारांनी पेन पुन्हा उचललं. "म्हणजे देशीच."

कुंपणाबाहेर कुजबुज उठली. सुजाताने मिस्तरींकडे पाहिलं. मला वाटलं, हा म्हातारा आता तरी गप्प का बसत नाही? ज्याच्या घरी जेवायचं, त्याचाच घास काढून घेतला याने. काकू तर उघडच म्हणाल्या, "मिस्तरी, तुमचं तोंड कोन उघडलं!"

"लेकहो, ऐकून तर घ्या!" मिस्तरी उसळले. "कट्टा कसा असते? पाईप कापला, स्प्रिंग लावली, झाला. एका दिवसाचं काम. आन हे पाहा. वरचा भाग मांगं सरकते, याच्यात सात-आठ गोळ्या भरता येते. हे करनारा दोन-तीन महिने बसला असन. नुसती कानस घेऊन! आन हे पाहा, मांगच्या नेमावर किती दूर मारायचं त्याचे आकडे कोरले, पन तो नेम वर-खाली हालतच नाई. एकजीव हाय. शोभेचा!" आणि ते चक्क हसायला लागले. "त्यानं खरं पिस्तूल पाह्यलं होतं. पाहून पाहून केलं. हा आकडा कायले राहते, हे त्याले कोनी सांगतलंच नाही!"

ठाणेदार खुर्चीवरून उठून जवळ आले.

"मॅडम, याच्यावरच्या खुना उतरून घ्या."

मी कागद काढला. नळीच्या बाजूवर अक्षरांची एक ओळ होती. ती मोठी करून काढता काढता माझ्या लक्षात आलं, की ही अक्षरं इंग्रजी दिसतात, पण इंग्रजी नाहीत. एन उलटा होता. एस आडवा पडला होता. दोन अक्षरं अशी होती, की ती जगातल्या कुठल्याच लिपीत नसावीत. एकही शब्द जुळत नव्हता.

"करणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं," मी म्हणाले.

"आमच्या कट्टेवाल्यांनाही येत नाही," ठाणेदार म्हणाले. "पण ते 'मेड इन यूएसए' बरोबर लिहितात."

हे बोलले आणि स्वतःच थांबले. त्यांना आपल्याच वाक्यातली गोष्ट लक्षात आली असावी. ज्याने आयुष्यात इंग्रजी पाटी पाहिली आहे, बिस्किटाचा पुडा पाहिला आहे, तो एन उलटा काढत नाही. हा माणूस कुठल्या तरी दूरच्या मुलखातला होता.

तेवढ्यात सुजाता पुढे झाली. ती इतका वेळ त्या काढलेल्या लाकडी पट्टीकडे पाहत होती. "मावसाजी, याच्या आतून काही कोरलं हाय."

पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचीच नजर जाणार नव्हती, तिथे दोन अक्षरं होती. मी ती पाहिली आणि माझा कागद बाजूला ठेवला. चित्रकलेच्या शिक्षिकेला इतर काही कळो न कळो, हात कळतो. वर्गातल्या चाळीस वह्यांतून कोणी कोणाचं चित्र उतरवलं ते मला रेघेवरून सांगता येतं. बाहेरची अक्षरं घाबरत, थांबत, वरचेवर मूळ नमुन्याकडे बघत कोरलेली होती. आतली दोन अक्षरं मात्र झरझर, एका दमात उतरली होती. सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती.

"साहेब," मी म्हणाले, "बाहेरचं त्याने उतरवलंय. हे त्याने लिहिलंय. ही त्याची स्वतःची लिपी आहे."

ठाणेदारांनी स्वतःचा मोबाईल काढून फोटो घेतला. फोनने सांगितलं, भाषा चिनी. अर्थ मात्र धड सांगेना. पहिल्यांदा 'दक्षिण दरवाजा' म्हणाला, फोन जरा तिरपा धरला तर 'तीन शेळ्या'. हवालदारांनी विचारलं, "साहेब, यातलं काय लिहू?" त्या दिवशी त्या अंगणात पहिल्यांदा सगळे हसले. सुजाताचे वडीलसुद्धा.

हसणं ओसरल्यावर तेच हळूच म्हणाले, "सायेब, माहा आजा लढाईच्या टायमाले फौजेत होता. ब्रह्मदेशाकडे. चीनकडे जानाऱ्या रस्त्यानं ट्रक चालवे म्हनत. तठचं काही बोलला नाई कधी. बोलाले लागला का उठून जाये."

"हे घर त्यांनीच बांधलं?"

"हाव. ही भीत त्यानंच घातली. लाईटवाल्यानं वरून फक्त लिंपलं, भितीले हात नाई लावला."

ठाणेदार ढिगापाशी गेले. कोनाडा बुजवलेल्या विटा अजून तिथेच पडल्या होत्या आणि त्यांच्यामधला चुना जुना, दगडासारखा घट्ट झालेला होता. त्यांनी एक वीट उचलून निरखली, पंचांना दाखवली. परत आले आणि हवालदारांना म्हणाले, "लिहा. हाताने बनवलेलं जुनं पिस्तूल. बहुधा चिनी बनावटीचं. मूळ अज्ञात. पुढील तपासणीसाठी रवाना."

'अज्ञात' या शब्दाने एवढा आनंद झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. सुजाताच्या आईने सगळ्यांसाठी चहा टाकला. ठाणेदारांनी दोन वेळा घेतला.

परतीच्या बसमध्ये मी मिस्तरींना विचारलं, "तुम्ही सुरुवातीलाच 'कारखान्यातलं आहे' असं म्हणाला असता तर? एवढा घोर तरी टळला असता."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी मिक्सर पाण्यात धुतला होता.

"मंग त्या मानसाचं काम कारखान्याच्या नावावर गेलं असतं ना मॅडम."

बस घाट उतरू लागली. मग आपणहून म्हणाले, "मी नवा नवा लागलो तवाची गोष्ट. इंजिनावरची पितळी पट्टी तुटली. सायेब म्हने, दुसरी कर. मले ए-बी-सी-डी येत नव्हती. उतरून काढली. पाच दिवस लागले. सायेबानं पाह्यली आन हासला. म्या 'आर' उलटा कोरला होता." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "त्यानं बी कोनाचं तरी हासू आयकलं असन."

प्रयोगशाळेचा अहवाल यायला सहा-सात महिने लागले. तेवढे दिवस सुजाताची पडताळणी अडकून होती आणि तेवढे दिवस ती रोज पहाटे धावतच होती. शेवटी अहवाल आला. शस्त्र जुनं आहे, चीनमधल्या एखाद्या लहान कार्यशाळेत युरोपातल्या पिस्तुलाची नक्कल करून हाताने बनवलं असावं, बनवणारा अज्ञात, अलीकडे वापर झाल्याची खूण नाही. महिनाभरात सुजाता प्रशिक्षणाला गेली. काकूंनी वस्तीभर पेढे वाटले.

मिस्तरी मात्र फुगून बसले होते. अहवालाच्या झेरॉक्समध्ये एक शब्द होता, 'क्रूड'. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला आणि मी बेसावधपणे 'ओबडधोबड' असं सांगून बसले.

"ओबडधोबड?" त्यांनी चष्मा काढला. "ज्यानं लिवलं त्याले एक कानस द्या आन एक लोखंडाचा तुकडा द्या. मी तीन महिन्यांनी येतो म्हना."

त्या प्रयोगशाळेला त्यांनी माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. 'ओबडधोबड' च्या जागी 'मेहनतीचे' असा शब्द घालावा, एवढीच मागणी. उत्तर आलं नाही. त्यांनी आठवण करून देणारं दुसरं पत्र लिहवलं. त्याचंही आलं नाही. काकू म्हणाल्या, "त्या चिन्यानं तरी एवढा जीव लावला नसन त्या पिस्तुलाले."

मग त्यांनी वेगळाच ध्यास घेतला. ते पिस्तूल एकदा पुन्हा पाहायचं होतं. जप्त मुद्देमाल असा कुणालाही दाखवत नाहीत, हे सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी अर्ज केला, तो परत आला. दुसरा केला, त्याचंही तेच झालं. तिसरा केला, तोपर्यंत प्रकरण निकाली निघालं होतं, पिस्तूल सरकारजमा झालं होतं आणि सुजाताची नेमणूक बुलढाण्याला झाली होती. तिने वरिष्ठांना सगळी हकिगत सांगितली. ते हसले आणि दहा मिनिटांची परवानगी मिळाली.

मी सोबत गेले होते. मिस्तरींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पेचकस आम्ही घरीच काढून घेतला होता. पोलिसांच्या शस्त्रकोठाराच्या दाराशी वहीत नोंद करावी लागते. नाव, गाव, येण्याचं कारण. 'कारण' या रकान्यापाशी ते बराच वेळ पेन धरून थांबले. मग आपल्या गोल, ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, 'एक कारीगर दुसऱ्या कारीगराले भेटाले आला.' तिथल्या जमादारांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि दार उघडलं.

सुजाता गणवेशात त्यांच्याबरोबर आत गेली. मला परवानगी नव्हती. मी बाहेर बाकावर बसून राहिले. दहा मिनिटांची वीस झाली.

बाहेर आले तेव्हा मिस्तरी खुशीत होते. मी विचारलं, "काय मिस्तरी, झाली भेट? काय बोललात?"

"बोलनं काय राहते? त्याले मराठी येत नाही, मले चिनी येत नाही," ते चपला घालत म्हणाले. "जयभीम केला आन आलो."